धुक्याच्या दिव्याची जागा

चाळीस वर्षं मी गारठ्याची नोकरी केली,
ब्लफच्या रस्त्यावरच्या मटणाच्या कारखान्यात.
लोकांना वाटतं, आम्ही आत थंडी भरायचो.
थंडी भरता येत नाही. ऊब उपसावी लागते,
विहिरीतला गाळ उपसावा तशी,
आणि बाहेर कुठेतरी नेऊन टाकावी लागते.

हे मी ऐल्साला लहानपणी सांगितलं होतं.
ती तेव्हा आइस्क्रीम खात होती.

आता ती एकतीस वर्षांची,
गाडी तिच्याहून पाच वर्षांनी थोरली:
लाल माझदा, टपावरचा रंग उन्हानं सोललेला.
टेरेटोंगाच्या सरळ पट्टीच्या टोकाला
मी कुंपणाशी उभा होतो, तेव्हा
तिचे मागचे दिवे तीनदा लागले.
एकदाच लागायला हवे होते.
तीनदा, म्हणजे पाय पेडल शोधत होता.

गवतात घुसली. थांबली.
उतरली ती हसतच. हातमोजा मात्र
चौथ्या ओढीला निघाला.
मी म्हणालो, ऑइल उकळलं.
ती म्हणाली, हो, उकळलं.
घरापर्यंत एवढंच बोलणं.

मग खोकी आली. आत नव्या चकत्या,
तव्याएवढ्या, कोऱ्या, तेलकट कागदात गुंडाळलेल्या.
ती खूश. मी म्हणालो, मोठा तवा
तापायला वेळ घेतो, एवढंच.
तापायचं काही सोडत नाही.
वारा कुठाय?

वारा? ती खो खो हसली. या गावात?
जिथे झाडं जन्मभर एकाच बाजूला वाकून उभी असतात?

खरं होतं तिचं. पण हातातली छत्री नेणारा वारा
चाकाच्या आत, वीतभरावर, पोचत नाही.
त्याला बोट धरून न्यावं लागतं.

म्हणून बंपरमधले धुक्याचे दिवे काढले.
त्या दोन भोकांना टामाटीनं
पत्र्याची नरसाळी बसवून दिली;
मागे नारिंगी रबरी नळ्या, मनगटाहून जाड.
स्टीअरिंग पुरतं वळवलं की नळी टायरला घासायची.
दोन संध्याकाळी त्यातच गेल्या.
चकतीमागचा धुळीचा पत्रा कापून टाकला,
त्या जागी नवा लावला, तोंड बरोबर मध्यावर.
कारण चकती पोकळ असते, पोटात पन्हाळी,
मधून हवा घेते, कडेनं फेकते.
कडेवर फुंकर घालून काही होत नाही.

एवढं सगळं झाल्यावर, रात्री साडेनवाच्या उजेडात,
टामाटी ओणवा झाला, बराच वेळ बघत राहिला,
म्हणाला, डावीची उजवीकडे लावलीत तुम्ही.
पन्हाळी उलट्या.
शिवी कुणी दिली ते सांगत नाही.
पुन्हा जॅक. पुन्हा पाने.

शेवटी चकतीच्या कडेला रंगाचे तीन पट्टे ओढले,
हिरवा, नारिंगी, तांबडा.
ताप चढेल तसा एकेक पांढरा पडतो.
कारखान्यात माझ्याकडे काटेवाल्या तबकड्यांची भिंत होती.
इथे हे.

शनिवारी वीस मिनिटं.
मी दिवे मोजत होतो. एकदा.
एकदा.
एकदा.
सातव्या फेरीला शेजारच्या माणसानं
लोकरीच्या भावाचा विषय काढला
आणि मी मोजायचं विसरलो.

शेवटची फेरी तिनं हळू आणली,
ब्रेकला न शिवता, वाऱ्याला त्याचं काम करू देत.
हिरवा पांढरा पडलेला. नारिंगी अर्धा.
तांबडा होता तसाच.
मी ओरडणार होतो, हँडब्रेक ओढू नकोस,
तापलेल्या चकतीवर पॅड चिकटून बसतं,
तोवर खिडकीतून लाकडाचा ठोकळा बाहेर आला.
"बाबा, चाकाखाली."

ठोकळा सारला, बुटाच्या टाचेनं आत ठोकला.
मग गुडघ्यांचं निमित्त करून
पुढच्या चाकापाशी जरा बसून राहिलो.
गालाला झळ लागत होती.
निघत होती बाहेर.